स्वतःची मूल्ये न सोडता आफ्रिकेत काम करता येते का, आणि त्यातून तिथल्या लोकांच्या संधी खरोखर वाढतात का?

आपण लिहिले आहे की, युगांडातील एका भारतीय मालकीच्या कारखान्यात लेखा विभागात नोकरीचा प्रस्ताव आला आहे, पगार चांगला आहे. पण 'तिकडे हात ओले केल्याशिवाय कागद हलत नाही' असे सगळे सांगतात आणि आपल्याला आपल्या तत्त्वांशी तडजोड करायची नाही. शिवाय आपण केवळ पैसे कमावून परत येऊ नये, तिथल्या लोकांनाही त्याचा उपयोग व्हावा, अशी आपली इच्छा आहे. युगांडाची राजधानी कंपाला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब मी बरीच वर्षे सांभाळले असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. दोन्ही गोष्टी शक्य आहेत असे माझे मत आहे. मात्र मूल्ये मनात बाळगून भागत नाही. ती चेकवर सही कोण करतो, माल कधी मागवला जातो आणि छोट्या माणसाचे बिल किती दिवसांत चुकते होते, या तीन ठिकाणी उतरवावी लागतात.

त्याआधी एक गैरसमज दूर करू द्या. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे. तिथे ५४ देश आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा आहे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या, कमी भ्रष्ट देशांना वर ठेवणाऱ्या निर्देशांकात सेशेल्स, केप व्हर्डे, बोत्सवाना आणि रवांडा हे देश गेली कित्येक वर्षे भारतापेक्षा वरच्या स्थानावर आहेत. युगांडा त्या यादीत बराच खाली आहे, हे खरे. पण सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला तिथे अगदीच अनोळखी असे काही दिसणार नाही.

चेकवरच्या सहीचे उदाहरण मी नेहमी मो इब्राहिम यांचे देतो. १९४६ मध्ये सुदानमध्ये जन्मलेल्या या अभियंत्याने १९९८ मध्ये सेलटेल ही मोबाइल कंपनी उभी केली, तेव्हा युरोपातील मोठ्या कंपन्या आफ्रिकेकडे पाहायलाही तयार नव्हत्या, कारण परवान्यापासून टॉवरच्या जागेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पैसे मागितले जातील अशी त्यांना धास्ती होती. इब्राहिम यांनी लाच न देण्याची केवळ घोषणा केली नाही. ३०,००० डॉलरपेक्षा मोठी कोणतीही रक्कम संपूर्ण संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय द्यायची नाही, असा नियम त्यांनी केला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही त्यातून वगळले नाही. एखाद्या देशातील व्यवस्थापकासमोर मंत्र्याचा माणूस येऊन बसला, तरी 'माझ्या हातात हे नाही, मंडळासमोर ठेवावे लागेल' असे तो खरेपणाने सांगू शकत होता. दूरच्या गावी एकट्या पडलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या धैर्यावर सगळा भार टाकण्यापेक्षा तो भार नियमाने उचलणे मला जास्त माणुसकीचे वाटते. २००५ मध्ये ही कंपनी कुवेतच्या एमटीसीने ३.४ अब्ज डॉलरना घेतली. पुढे तिचे नाव झेन झाले आणि २०१० मध्ये भारती एअरटेलने झेनचा आफ्रिकेतील व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरना विकत घेतला. आपल्याकडची अनेक मंडळी त्यानंतर नैरोबी, लागोस, कंपाला येथे नोकरीनिमित्त गेली ती त्याच जाळ्यावर काम करायला.

स्ट्राइव्ह मासियिवा यांची वाट याहून फार खडतर होती आणि तिची किंमतही आपल्याला ठाऊक असावी. झिम्बाब्वेतील हे अभियंते आधी सरकारी टेलिफोन खात्यात नोकरीला होते. तिथून बाहेर पडून त्यांनी विजेच्या कामांची ठेकेदारी केली आणि नंतर मोबाइल सेवेची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्यावर ते न्यायालयात गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी मक्तेदारीमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो असा निर्णय दिला. तरीही सरकारने नवे अडथळे उभे केले आणि प्रत्यक्ष परवाना हाती येऊन सेवा सुरू व्हायला १९९८ उजाडले. जवळपास पाच वर्षांच्या या झगड्यात त्यांचा चालता धंदा बुडण्याच्या बेतास आला. ते श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि लाच न देण्याचा निश्चय आपल्या श्रद्धेतून आला, असे त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. मात्र अखेरच्या टप्प्यात उपराष्ट्राध्यक्ष जोशुआ न्कोमो यांनी त्यांची बाजू घेतली, हेही विसरता येत नाही. केवळ निश्चयाच्या बळावर ते जिंकले असे सांगणे आपल्यासारख्या तरुणाची दिशाभूल करणारे ठरेल. न्यायालये बऱ्याच अंशी स्वतंत्र होती आणि सत्तेतल्या एका वजनदार माणसाचा पाठिंबा मिळाला, म्हणून त्या निश्चयाला फळ आले. नायजेरियात तसे झाले नाही. तिथे २००१ मध्ये त्यांच्या इकोनेटला परवाना मिळाला होता, पण काही वर्षांतच कंपनीचा ताबा त्यांच्या हातून गेला. बेकायदा रकमा द्यायला आपण नकार दिला म्हणून असे घडले, असे त्यांचे म्हणणे आहे. तीच कंपनी मालक आणि नावे बदलत आज एअरटेल नायजेरिया म्हणून चालते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मालक सचोटीचा असला म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची संधी आपोआप वाढते, असे नाही. मोबाइलच्या बाबतीत ती वाढली, कारण सेवा थोड्या थोड्या पैशांत विकली गेली. ज्यांच्याकडे बँक खाते नाही, पत्ता सांगायला पक्के घर नाही, अशा लोकांसाठी आधी पैसे भरून वापरायची प्रीपेड पद्धत आली. त्यासाठी लागणारी स्क्रॅच कार्डे विकायला प्रत्येक नाक्यावर छत्री आणि स्टूल घेऊन कोणीतरी बसू लागले. केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही फोनवरून पैसे ठेवण्या-पाठवण्याची सेवा सुरू केल्यावर नाक्यावरची साधी किराणा दुकाने पैसे भरण्या-काढण्याची केंद्रे झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एम-पेसामुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्याच्या बाहेर आली आणि सुमारे १,८५,००० स्त्रिया शेतीकडून व्यापार-व्यवसायाकडे वळल्या. मला यातील स्त्रियांचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतःच्या नावावर सुरक्षित ठेवलेला पैसा घरातल्या कुणालाही परस्पर उचलता येत नाही. त्याच फोनवरून नंतर भरमसाट व्याजाची झटपट कर्जे आणि फुटबॉलवरची सट्टेबाजीही घरोघरी पोहोचली, आणि कर्ज देणाऱ्या डिजिटल कंपन्यांना परवान्याच्या चौकटीत आणण्यासाठी केनियाच्या मध्यवर्ती बँकेला २०२२ मध्ये नियम करावे लागले. संधी वाढवणारे साधन कोणाच्या हाती कशासाठी पडते, याकडे म्हणूनच सतत लक्ष ठेवावे लागते.

ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. आपल्या वाट्याला येणारे प्रसंग लहान असतील. युगांडाला समुद्र नाही. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर केनियातील मोंबासा बंदरात उतरतो आणि तिथून अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर ट्रकने कापून मलाबा येथील केनिया-युगांडा सीमेवरून कंपालात येतो. लाच मागितली जाते ती बहुधा याच प्रवासात, आणि ती मागणाऱ्याच्या हाती सर्वांत मोठे शस्त्र असते आपली घाई. सुटे भाग नाहीत म्हणून यंत्र बंद आहे, मोफत दिवस संपून कंटेनरवर रोजचे डेमरेज, म्हणजे तो अडकून पडल्याचे भाडे, चढते आहे, आणि माल ठरलेल्या मानकांनुसार असल्याच्या प्रमाणपत्रावरील वर्णन बिलावरील वर्णनाशी जुळत नाही, अशा वेळी जकातीतून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा फोन येतो की 'साहेब, थोडे दिले तर आज संध्याकाळी गाडी सुटेल.' या क्षणी तत्त्व आठवून फारसा उपयोग होत नाही. त्याची तयारी तीन महिने आधी करावी लागते. आमच्याकडे झीज होणाऱ्या भागांचा साठा वाढवला, माल निघण्यापूर्वी प्रत्येक कागद कंपालातून तपासला जाऊ लागला आणि वर्षाच्या अंदाजपत्रकात डेमरेजसाठी वेगळी रक्कम ठेवली. ही रक्कम मालकाला सुरुवातीला उधळपट्टी वाटली, पण ती हाताशी असल्यामुळेच 'गाडी उभी राहू दे, पावती मिळेल तेवढेच पैसे देऊ' असे एजंटला सांगता येऊ लागले. २०१४ पासून पूर्व आफ्रिकेतील देशांनी जकातीचे सोपस्कार पहिल्याच बंदरावर पूर्ण करण्याची एकत्रित व्यवस्था लागू केल्यापासून सीमेवरचा खोळंबा पुष्कळ कमी झाला आहे, त्यामुळे आपली परिस्थिती आमच्या वेळेपेक्षा बरीच सुसह्य असेल.

लाच न देणे हा मूल्यांचा निम्मा भागही नाही, असे मला तिथे राहून वाटू लागले. आमच्या कामगारांना दुपारचे जेवण पुरवणारी एक बाई होती. मतोके (शिजवलेली कच्ची केळी), पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि घेवड्याची उसळ असे साधे जेवण ती मोठ्या पातेल्यांतून आणत असे आणि सगळे तिला आदराने न्याबो, म्हणजे 'बाईसाहेब', म्हणत. तिचे बिल बाकी पुरवठादारांप्रमाणेच साठ दिवसांनी चुकते होई. केळी आणि कोळसा मात्र तिला रोज रोखीने घ्यावा लागे, म्हणून मधल्या काळासाठी ती सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने पैसे उचलत असे. म्हणजे डॉलरमध्ये उलाढाल करणारा आमचा कारखाना प्रत्यक्षात त्या बाईच्या कर्जावर चालत होता, आणि आमच्या एकाही व्हाउचरवर कुणाला त्यात गैर दिसले नसते. पन्नास लाख शिलिंगच्या आतल्या स्थानिक पुरवठादारांना दर शुक्रवारी मोबाइल मनीने पैसे द्यायचे, असा बदल मी मालकाकडून मंजूर करून घेतला. त्यामुळे कारखान्याच्या खेळत्या भांडवलावर जो ताण आला तो नगण्य होता. न्याबोचे सावकाराकडे जाणे थांबले, तिने मदतीला दोन मुली ठेवल्या आणि पुढे शेजारच्या गोदामाचे जेवणही घेतले. आपल्या पदावरून लोकांसाठी जे करता येते ते बहुतांशी या प्रकारचे आहे, आणि त्यासाठी वेगळी देणगी काढावी लागत नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ती आपल्याच लोकांची आहे. पूर्व आफ्रिकेतील कित्येक भारतीय कारखान्यांत तिजोरी, भांडार आणि हिशेब हे विभाग भारतातून आणलेल्या माणसांकडेच राहतात आणि स्थानिक माणूस वर्षानुवर्षे हाताखालीच राहतो. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले. तो निःसंशय अन्याय होता. पण त्याला टाळ्या पडल्या त्यामागे व्यापार मूठभरांच्या हाती आहे ही भावना होती, आणि ती भावना आपण आपल्या वागण्याने पुन्हा जिवंत करू नये. 'विश्वासाची माणसे मिळत नाहीत' हे कारण मला पटत नाही. घानामध्ये पॅट्रिक अवुआ या मायक्रोसॉफ्टमधून परतलेल्या अभियंत्याने २००२ मध्ये अशेसी हे महाविद्यालय काढले. तिथल्या विद्यार्थ्यांनी मतदान करून सचोटीची संहिता स्वीकारली आणि २००८ पासून ते पर्यवेक्षकाशिवाय परीक्षा देतात. विश्वास टाकल्याशिवाय विश्वासाची माणसे तयार होत नाहीत, आणि कंपालातील मकेरेरे विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलेली मुले माझ्या विभागात ज्या तडफेने काम शिकली ते पाहून मला याबद्दल शंका उरली नाही. आपल्या खुर्चीवर बसू शकेल असा युगांडाचा माणूस तयार करणे हे आपल्या कामाचा भाग म्हणून करारातच लिहून घ्या.

प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी मालकाशी होणाऱ्या शेवटच्या बोलण्यात तीन गोष्टी विचारा. पावती नसलेला खर्च कोणत्या खात्यात आणि कोणाच्या सहीने पडतो. लहान पुरवठादारांची बिले किती दिवसांनी चुकती होतात. आणि विभागप्रमुखांपैकी युगांडाचे नागरिक किती आहेत. पहिल्या प्रश्नावर 'ते इथे आल्यावर कळेल' असे उत्तर मिळाले, तर पगार कितीही असला तरी जाऊ नका, कारण लेखा विभागातील माणसाला त्या खात्यावर स्वतःच्या हाताने नोंद करावी लागते. बाकी दोन प्रश्नांची उत्तरे आज समाधानकारक नसली तरी चालतील. मालक ती मोकळेपणाने देत असेल आणि बदलाला तयार असेल, तर ते काम आपण तिथे जाऊन करू शकता.