जोहान्सबर्गला मुले न्यावीत का : चिपळूणच्या एका ताईंना उत्तर

ताई, आपल्या यजमानांना जोहान्सबर्गमध्ये नोकरी मिळाली आहे, थोरला मुलगा पहिलीच्या वयाचा आहे, धाकटी तीन वर्षांची आहे आणि तेथील गुन्हेगारीविषयी जे ऐकू येते त्यामुळे सासूबाई नातवंडांना पाठवायला तयार नाहीत, असे आपण कळवले आहे. मी मूळची गुहागरची. माझी दोन्ही मुले याच शहरात वाढत आहेत. सासूबाईंची काळजी निराधार नाही, हे आधीच सांगते. तरीही मुलांना आणावे असेच माझे मत आहे. मात्र यजमानांनी आधी एकट्याने येऊन शाळा आणि घर ठरवल्याशिवाय आणू नये.

धोका शहरभर सारखा नाही. दक्षिण आफ्रिकेचे पोलीस ठाणेनिहाय गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करतात. त्यांतील घरफोडी आणि गाडी हिसकावण्याचे आकडे वेगळे काढून दोन-तीन वस्त्यांची तुलना यजमानांनी करावी. शाळा आधी निवडावी आणि घर तिच्या जवळ घ्यावे, कारण येथे मुलांना सर्वाधिक जपावे लागते ते गाडीतून जाता-येताना. सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच फोडून फोन किंवा पर्स पळवतात, म्हणून दोन्ही डिकीत ठेवाव्यात. घराचे फाटक उघडेपर्यंत गाडी रस्त्यावर उभी राहते, तो क्षण सर्वांत नाजूक असतो. मागून कोणी येत आहे असे वाटले तर आम्ही घराकडे न वळता सरळ पुढे जातो. लहान मुलाची खुर्ची चालकाच्या मागे बसवावी, म्हणजे उतरताच त्याच्यापर्यंत हात पोहोचतो. कोणी शस्त्र दाखवले तर मूल मागे आहे हे मोठ्याने सांगावे, मूल घ्यावे आणि गाडी देऊन टाकावी.

येथे पोलिसांपेक्षा खासगी सुरक्षारक्षक संख्येने कितीतरी अधिक आहेत. पहारा आणि विजेचे कुंपण असलेल्या वसाहतीचा मासिक खर्च बराच असतो, तो पगाराच्या बोलणीतच धरावा. वीज गेल्यावरही फाटक आणि कुंपण चालू राहील अशी बॅटरी आहे ना, हे घर पाहताना विचारावे.

मला स्वतःला मात्र भीतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची किंमत अधिक वाटते. आपल्याकडे मूल एका खळ्यातून दुसऱ्या खळ्यात जाते, समुद्रावरून संध्याकाळी परत येते आणि वाडीतली कोणतीही काकू त्याला जेवायला बसवते. येथे आमच्या भागात दहा वर्षांचे मूलही एकटे दुकानात जात नाही. ही मोकळीक आपोआप मिळणार नाही, ती आई-बापांनी मुद्दाम उभी करावी लागते. म्हणून ज्या वसाहतीत आतल्या रस्त्यांवर मुले सायकली फिरवताना दिसतील तीच घ्यावी, घर थोडे लहान मिळाले तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी वॉल्टर सिसुलू राष्ट्रीय वनस्पती उद्यानात मुलांना मनसोक्त धावू द्यावे. तेथील धबधब्याजवळच्या कड्यावर काळ्या गरुडांचे घरटे आहे आणि माझ्या मुलांना त्या गरुडांचे फार वेड आहे.

मुलांसमोर गुन्ह्यांच्या बातम्यांची चर्चा करू नये. त्यांना आई-बाबांचे फोन नंबर, पोलिसांचा 10111 आणि मोबाइलवरून लावायचा 112 पाठ असावेत, आणि शाळेतून कोणाबरोबर यायचे हे ठाऊक असावे. एवढे शिकवताना आवाजात घाबरेपणा नसावा. रस्ता ओलांडायला शिकवतो तसेच हे शिकवता येते.

येथील शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि प्रवेशासाठी आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो, त्यामुळे यजमानांनी पावसाळ्याअखेर पुढे यावे व आपण डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन निघावे. निघण्यापूर्वी दोन्ही मुलांचे आई-वडिलांच्या नावांसह इंग्रजी जन्मदाखले नगर परिषदेतून घ्यावेत आणि लसीकरणाची नोंदवही हातसामानातच ठेवावी. शाळा प्रवेशाच्या वेळी दोन्ही मागते.