नवा रिमोट घेण्याआधी चावीचा सेल बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सकाळी दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं तर गाडी दाद देत नाही, दुपारी मात्र लगेच उघडते, आणि वर्कशॉपवाले नवा रिमोट, म्हणजे बटणांची चावीच, नवी घ्या म्हणतात. इतक्यात पैसे भरू नका. सकाळी अडणं आणि दुपारी चालणं हे उतरलेल्या सेलचं लक्षण आहे. आपल्या खान्देशात हिवाळ्याच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि सिग्नल सोडताना लागणारा क्षणभराचा जोर त्याला पुरवता येत नाही. ऊन चढलं की तोच सेल पुन्हा चालतो.

मी हे सगळं ठेच लागल्यावर शिकलो. मे महिन्यात आईला घेऊन एरंडोलजवळ पद्मालयाला गेलो होतो. दर्शन करून आलो तर गाडी उघडेना. दोन तास आई झाडाखाली बसून होती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने "काय व्हयनं भाऊ?" म्हणत चावी हातात घेतली, मागची छोटी कळ सरकवली आणि आतून लोखंडी चावी बाहेर काढली! ती तिथे असते हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आजच तुमची काढून बघा. तिने दार उघडल्यावर हॉर्न वाजू लागला तर घाबरू नका, गाडी सुरू झाली की तो थांबतो.

आता सुरू कशी करायची? क्लच किंवा ब्रेक दाबून रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत चावी ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तिकेत दिलेली असते. चावीत एक चिप असते, तिला सेल लागतच नाही. स्टार्ट बटणाजवळच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, तिला लागेल तेवढी वीज मिळते. म्हणजे अशी गाडी सुरू झाली, तर तुमची चावी गाडीला अजून ओळखीची आहे, नवा रिमोट घ्यायची घाई नको.

तरी खात्री करा. दुसरी चावी नीट चालते का? चालत असेल तर गाडी ठीक आहे. दोन्ही अडतात आणि आतले दिवेही मंद आहेत, तर गाडीची मोठी बॅटरी तपासा. एकाच ठिकाणी अडत असेल, जसं की टॉवरखाली, तर बाहेरच्या लहरींचा अडथळा असतो. मोबाइल आणि चावी एकाच खिशात असली तरी तेच होतं.

सेलवर नंबर छापलेला असतो, बहुतेक सीआर २०३२. तोच घ्या. सीआर २०२५ची रुंदी तेवढीच, पण जाडी ३.२ऐवजी २.५ मिलिमीटर, म्हणून तो ढिला बसतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर संपर्क सुटतो. दुकानदाराला मीटर लावायला सांगा, नवा सेल ३ व्होल्टच्या वर दिसला पाहिजे. जुना २.८च्या खाली असेल तर बदलाच. मात्र नुसत्या मीटरवर २.९ दाखवणारा सेलही काम पडल्यावर ढेपाळतो, म्हणून दोन-तीन वर्षं झाली असतील तर आकडा न बघता बदला. मला घड्याळवाल्याकडे ६० रुपयांत मिळाला. बहुतेक गाड्यांत सेल बदलल्यावर चावी गाडीशी पुन्हा जोडावी लागत नाही.

माझी चावी टीव्हीच्या वर खिळ्याला असायची. टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर यांच्या लहरींनी चावी जागी राहते आणि सेल लवकर संपतो. आता ती दुसऱ्या खोलीत असते.

आणि घरात लहान मूल असेल तर हे नक्की वाचा. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा थेट दवाखान्यात पळा. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मगच टाका.

नवा सेल टाकूनही अडलं, तर हँडलवरचं बटण चालत नाही की रिमोटवरचं, तेवढं कळवा. रिमोट चालतो आणि फक्त हँडल अडतं, तर दोष दाराच्या बटणात असेल.