घराखालची थंडी, घराखालची ओल

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या थंड राज्यांत मोबाइल होममध्ये (कारखान्यात बांधून आणलेल्या, जमिनीपासून उंचावर टेकवलेल्या घरात) राहणाऱ्या आपल्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी तेच असतात. इथे स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळची फरशीची पट्टी नव्हे. घराच्या तळापासून जमिनीपर्यंत चारही बाजूंनी लावलेला आडोसा, त्याला स्कर्टिंग म्हणतात.

प्रश्न : साधं व्हिनाइल लावावं की फोम भरलेलं? आम्ही मिनेसोटात आहोत.

फोमचं. साधं व्हिनाइल वारा अडवतं, पण थंडी फारशी अडवत नाही. कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतं आणि बर्फ काढताना फावडं लागलं की तडकतं. फोमची जाडी विचारून घ्या. एका इंचाला साधारण आर-४ ते आर-५ मिळतो. आर म्हणजे थंडी अडवण्याची ताकद, आकडा मोठा तितकी ती जास्त. चंदेरी बुडबुड्यांच्या पातळ शीटवर मोठा आकडा छापून विकतात, त्याला भुलू नका. ती शीट स्वतः जेमतेम आर-१ ची असते.

प्रश्न : तळ जमिनीपासून ३० इंचांवर आहे. पॅनेल बरोबर ३० इंचांचं कापू ना?

नाही. गोठलेली जमीन फुगून वर येते. दक्षिण मिनेसोटात पाया घेताना गोठण्याची खोली साडेतीन फूट धरतात, उत्तरेत पाच फूट. घट्ट बसवलेलं पॅनेल वाकतं किंवा घराच्या भिंतीचं आवरण उचकटतं. वरच्या पट्टीत पॅनेलला सरकायला जागा हवी. ती किती, ते कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा.

प्रश्न : शेजारचे आजोबा म्हणतात, भोवती गवताचे गठ्ठे रचा.

रचू नका. आग, उंदीर आणि ओल, तिन्ही घरात येतात.

प्रश्न : बसवणारा म्हणतो, स्कर्टिंगमधले हवेचे झरोके फोमने बुजवले की घर जास्त ऊबदार राहील. खरं का?

या सल्ल्याने किती घरांचं नुकसान झालं ते मी पाहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. पाइप फुटला तर त्याच दिवशी कळतं. ओल मात्र तीन-चार वर्षं गुपचूप काम करते आणि एक दिवस न्हाणीघराजवळ पाय खाली जातो.

गेल्या वसंतात एका घराखाली सरपटत गेलो. नवंकोरं फोमचं स्कर्टिंग, सगळे झरोके बंद, आणि कपडे वाळवायच्या यंत्राची नळी घराखालीच सोडलेली. तळाचं काळं प्लास्टिक दोन ठिकाणी फाटलं होतं आणि आतला फायबरग्लास भिजल्या गोधडीसारखा लोंबत होता. हात लावला, तर पाणी मनगटापर्यंत ओघळलं. लाकडावर काळी बुरशी होती. पैसे घेऊन गेलेल्या माणसाने खाली डोकावूनही पाहिलं नव्हतं.

म्हणून आधी जमीन झाका. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नमुना नियमात दर १५० चौरस फूट क्षेत्राला १ चौरस फूट मोकळा झरोका सांगितलाय. जमिनीवर ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे) प्लास्टिक सलग अंथरलं, तर दर १,५०० चौरस फुटांना १ चालतो. म्हणजे १,२०० चौरस फुटांच्या घराला ८ चौरस फुटांऐवजी ०.८ पुरतो. ऊब हवी असेल तर हा रस्ता आहे. झरोके समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तितके उंचावर ठेवा आणि ड्रायरची नळी स्कर्टिंगच्या बाहेर काढा. फाटलेलं प्लास्टिक आधी दुरुस्त करा, स्कर्टिंग नंतर.

आणखी एक. काही घरांत घर तापवणारी भट्टी ज्वलनाची हवा घराखालून ओढते. तिथे सगळं बंद केलंत, तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो. हा जिवाशी खेळ आहे. एकही झरोका लहान करण्याआधी हीटिंगच्या तंत्रज्ञाला भट्टी दाखवा आणि गावच्या इन्स्पेक्टरला तिथला नियम विचारा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

प्रश्न : पाइप गोठू नयेत म्हणून त्यांवर गुंडाळलेली विजेची हीट टेप जुनी आहे. तिच्यावरच नवी गुंडाळू?

अजिबात नाही, आग लागते. जुनी काढून टाका आणि नवी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

प्रश्न : स्वस्तात १९७४ चं घर मिळतंय. त्यालाही हेच करायचं?

१५ जून १९७६ च्या आधी बांधलेल्या घरांना केंद्राचा बांधकाम नियम लागू नव्हता. तळात उष्णतारोधक किती आहे, आहे की नाही, हे कागदावरून ठरवू नका. आधी तपासनीस आणा, तो खाली जाऊन येऊ दे, मग व्यवहाराचं बोला.

प्रश्न : साताऱ्याजवळ शेतावर पोर्टा केबिन ठेवलीय. तिला असं स्कर्टिंग लावू?

गरज नाही. तुमचा त्रास उन्हाचा आहे, तो छतातून येतो. पैसे छतावर घाला.

प्रश्न : सध्या कामं आहेत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत स्कर्टिंग बसवलं तर?

तोवर जमीन गोठू लागलेली असेल. खालच्या पट्टीचे खिळे आत जाणार नाहीत, आणि प्लास्टिक अंथरायला बर्फाखाली कोण शिरणार? याच शनिवारी टॉर्च घेऊन घराखाली जा, फोटो काढा आणि परवानाधारक बसवणाऱ्याला दाखवा. आत जायचं दार निदान १८ इंच रुंद-उंच आणि एकूण ३ चौरस फुटांचं ठेवायला सांगा. पुढच्या वेळी तिथूनच जायचंय.