हाडात किंवा सांध्यात बसवलेल्या इम्प्लांटवरील जंतुरोधक लेपामुळे संसर्ग खरोखर टळतो का?

हमखास टळतो असे नाही, पण धोका कमी होऊ शकतो. धातूवर स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जंतू एकदा ठाण मांडून बसले की ते स्वतःभोवती बायोफिल्म नावाचा चिकट थर तयार करतात आणि मग शिरेतून दिलेली प्रतिजैविकेही फारशी उपयोगी पडत नाहीत; म्हणून मुळात जंतूंना चिकटूच न देणे हा लेपाचा हेतू. नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी वापरायच्या काही रॉडवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा विरघळणारा लेप असतो, तर हाडाच्या कर्करोगानंतर बसवल्या जाणाऱ्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर चांदीचा मुलामा देतात (एकमेकांवर घासणारे भाग वगळून). पहिल्यांदाच गुडघा बदलणाऱ्याने मात्र अशा लेपासाठी अडून बसू नये, असे माझे मत आहे. मधुमेह आटोक्यात असणे आणि शस्त्रक्रियेची चीर देण्यापूर्वी वेळेवर प्रतिजैविक मिळणे जास्त महत्त्वाचे.