भाडेकरूंची जुनी इमारत पाडून तिथे स्वतंत्र बंगले बांधले तर वस्ती सुधारते का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गल्लीतली बारा बिऱ्हाडांची मोडकळीला आलेली इमारत पाडून मालक तिथे चार बंगले बांधणार आहे, गल्लीतल्या बऱ्याच जणांना ते पसंतही आहे. असं दुसरीकडे कुठे झालंय का आणि पुढे काय झालं, हा तुमचा प्रश्न. झालंय. मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात बावीस वर्षं राहतोय, जुन्या इमारतींच्या तपासणीचं काम करतो, आणि याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही.

शार्लट स्ट्रीट. 174व्या रस्त्याच्या स्टेशनचा लोखंडी जिना उतरून थोडं चाललं की एकदम बैठी घरं लागतात. पुढे हिरवळ, कुंपण, बाजूला गाडी लावायला जागा. चहूकडे पाच-सहा मजली इमारती आणि मधेच हे. पहिल्यांदा गेलो तेव्हा पत्ता चुकला असंच वाटलं.

तिथे पूर्वी भाड्याच्या पाच-सहा मजली इमारतींची दाट वस्ती होती. बँकांनी नकाशावर लाल रेघ ओढून या भागाला कर्ज देणं थांबवलं होतं. डागडुजीला पैसा नाही, भाड्यातून खर्च सुटत नाही, म्हणून कित्येक मालकांनी विम्यासाठी स्वतःच्याच इमारती पेटवल्या. त्याच काळात शहराने काटकसर म्हणून अग्निशमनच्या तुकड्या कमी केल्या. 1970 ते 1980 या दहा वर्षांत दक्षिण ब्राँक्सचे काही भाग जवळजवळ संपूर्ण रिकामे झाले. 5 ऑक्टोबर 1977 ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवर विटांच्या ढिगाऱ्यात उभे राहिले आणि तो फोटो जगभर गेला. तीन वर्षांनी प्रचाराच्या वेळी रेगन तिथेच येऊन गेले, तेव्हाही ढिगारा तसाच होता.

मग एड लोग नावाचे नगररचनाकार आले. या माणसाने आधी बोस्टनमध्ये आणि न्यूयॉर्क राज्यात मोठमोठे गृहप्रकल्प उभे केलेले. तरी इथे त्यांनी ठरवलं की एका कुटुंबाचं एक घर, मालकीचं. त्यांच्याबरोबर जेनेव्हिव्ह ब्रुक्स होत्या. शेजारपाजारच्या लोकांना घेऊन त्यांनी 'मिड-ब्राँक्स डेस्पेराडोज' ही संस्था उभी केली होती. 1983 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात तयार केलेली नमुन्याची दोन घरं तिथे आणून ठेवली, लोकांना डोळ्यांनी बघता यावीत म्हणून. रांगा लागल्या. 1987 पर्यंत नव्वदच्या आसपास घरं झाली. किंमत साधारण पन्नास हजार डॉलर. बांधायला खर्च त्याहून बराच जास्त आला, फरक सरकारी पैशातून भरला. घेणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन नोकरदार कुटुंबं होती. 1997 मध्ये क्लिंटन तिथे आले तेव्हा ढिगाऱ्याच्या जागी हिरवळ होती.

तिथल्या एका बाईंशी माझी ओळख झाली. सत्तरी ओलांडलेल्या, मागच्या अंगणात टोमॅटो लावतात. लहानपणी त्या याच रस्त्यावर भाड्याच्या इमारतीत राहायच्या. एकदा अंगणात उभं राहून त्यांनी घराच्या कौलाच्याही वर, मोकळ्या आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आमचं स्वयंपाकघर तिथे होतं. तिसऱ्या मजल्यावर." मग शेजारच्या खिडक्या हवेतच दाखवत गेल्या, कोण कुठे राहायचं ते सांगत. घर स्वतःचं झालं याचा त्यांना मनापासून आनंद आहे, तो मी पाहिलाय. पण बोट दाखवलेल्या त्या खिडक्यांपैकी एकही कुटुंब आज तिथे नाही.

म्हणूनच हे उदाहरण तुमच्या गल्लीला जसंच्या तसं लावू नका. शार्लट स्ट्रीटवर बैठी घरं बांधताना कुणाला उठवावं लागलं नाही. माणसं आधीच गेली होती, जागा ओस पडली होती. तुमच्या इमारतीत आज बारा बिऱ्हाडं नांदतायत. चार बंगले झाले की आठ बिऱ्हाडं गेलीच, आणि उरलेल्या चौघांनाही ते बंगले परवडणार नाहीत. गल्ली चकाचक दिसेल, पण तिथे राहणारी माणसं वेगळी असतील. याला वस्ती सुधारली असं मी म्हणणार नाही.

आणि शार्लट स्ट्रीटलाही किंमत मोजावी लागलीच. जिथे हजारो माणसं राहू शकत होती, तेही स्टेशनच्या इतक्या जवळ, तिथे आता नव्वदेक कुटुंबं आहेत. घरांची टंचाई असलेल्या शहरात ही चैन आहे, अशी टीका तेव्हाही झाली होती. त्याच सुमारास ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलमध्ये चर्चच्या संघटनांनी मिळून 'नेहेमाया' घरं बांधायला घेतली. तीही मालकीची, स्वस्तातली, पण भिंतीला भिंत लावून, अरुंद, आपल्याकडच्या रो-हाउससारखी. त्यामुळे तेवढ्याच जमिनीत कितीतरी जास्त घरं बसली आणि पुढे हजाराहून जास्त कुटुंबांना मिळाली. मला विचाराल तर मालकीचं घर द्यायची ही पद्धत जास्त शहाणपणाची.

तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं उदाहरण ब्राँक्समधलंच मेलरोझ. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला शहराने तिथे जुनं पाडून मध्यम उत्पन्नाच्या लोकांना विकत घेता येतील अशी घरं बांधायचा आराखडा केला. पण मेलरोझ ओस नव्हतं. काही हजार गरीब माणसं, छोटी दुकानं, सगळं तिथेच होतं. योलांडा गार्सिया या रहिवासी बाईंनी पुढे होऊन 'नोस केदामोस' संघटना उभी केली. नावाचा अर्थ, आम्ही इथेच राहणार. त्यांनी बैठकींवर बैठकी घेतल्या, घराघरात जाऊन माणसं मोजली आणि आराखडा पुन्हा काढायला लावला. 1994 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात राहणाऱ्यांना जागेवरच ठेवायचं तत्त्व आलं, आणि तिथे आज बैठी नाहीत, तर मजल्यांची, वेगवेगळ्या उत्पन्नगटांची घरं दिसतात.

शिकागोत उलटं चाललंय. तिथले 'टू-फ्लॅट', म्हणजे एका मजल्यावर मालक आणि दुसऱ्यावर भाडेकरू अशी दुमजली घरं, पैसेवाले विकत घेतात आणि दोन्ही मजले जोडून एकच घर करतात. 2015 मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर '606' ही पायवाट झाली आणि आसपास याला ऊत आला. शेवटी 2021 मध्ये शहराने त्या भागात आणि पिल्सनमध्ये अशी घरं पाडणाऱ्यांवर जादा शुल्क बसवलं.

हे मी इतकं पोटतिडकीने लिहितोय कारण मी लालबागच्या चाळीतला. आमची चाळ पाडली तेव्हा दोन वर्षांत परत येऊ असं बिल्डरने सांगितलं होतं. आई-वडील अकरा वर्षं संक्रमण शिबिरात राहिले. वडील परत आलेच नाहीत, तिथेच गेले. गॅलरीतली माणसं विरार, बदलापूर, गावाकडे पांगली. त्यामुळे 'पाडा आणि चांगलं बांधा' हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणासाठी?

आता तुमच्या कामाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 नुसार मालक पाडून नवं बांधण्यासाठी जागा परत मागू शकतो. पण त्यासाठी बांधकामाचा पैसा हाताशी आहे, नकाशे मंजूर आहेत, हे न्यायालयाला पटवावं लागतं. शिवाय, पालिकेच्या नियमांच्या अधीन राहून, नव्या इमारतीतल्या राहत्या गाळ्यांची संख्या पाडायच्या इमारतीतल्या गाळ्यांपेक्षा कमी चालत नाही. बारा पाडून चार बांधायचे, हे त्या वाटेने बसत नाही. म्हणून बहुतेकदा दुसरी वाट धरली जाते. डागडुजी करायची नाही, इमारत धोकादायक ठरू द्यायची आणि लोकांना थोडे पैसे देऊन सह्या घ्यायच्या. पालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरूपण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय. हे तुमच्या शेजाऱ्यांना नक्की सांगा.

इमारत खरोखर पडायला आली असेल तर आत राहू नका, जीव आधी. पण बाहेर पडायच्या आत पालिकेकडून प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि रहिवाशांची यादी लेखी करून घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड यांच्या प्रती काढून बाराही घरांच्या एकाच फाईलमध्ये लावा, आणि ती फाईल इमारतीबाहेर राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही कुणीच करू नका. मालकाचा प्रस्ताव लेखी हातात आला तर नावं झाकून इथे टाका, मी बघून सांगतो.