मुलीचे मंचावरील नृत्य आणि खाडीवरचे पक्षी या दोन्हींसाठी ७० हजारांत कोणता कॅमेरा घ्यावा?

आपण लिहिले आहे की आपण रत्नागिरीत राहता, मुलगी भरतनाट्यम शिकते, तिच्या कार्यक्रमांचे मोबाइलवर काढलेले फोटो धूसर येतात, सुटीच्या दिवशी आपण खाडीवर पक्षी पाहायला जाता आणि सगळे मिळून ७०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची आपली तयारी आहे. दुकानदाराने १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्ससह येणारा नवा कॅमेरा सुचवला आहे, तो घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की तो संच आहे तसा घेऊ नये. त्याच पैशांत वापरलेली पण चांगल्या स्थितीतील बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यावी आणि वाचलेली रक्कम मोठ्या ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे असलेल्या, एका लेन्सवर खर्च करावी. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो, कारण कारणे समजली तर दुकानात दुसरे मॉडेल समोर आले तरी आपला निर्णय आपल्यालाच घेता येईल.

कॅमेरा निवडताना बहुतेक लोक मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात. तो मुद्दा लवकर संपवता येतो. ए४ आकाराची उत्तम छपाई करायची, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरायचे, तर ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात. म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. आज बाजारात मिळणारा जवळजवळ कोणताही अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा किमान २० मेगापिक्सेलचा असतोच. त्यामुळे या आकड्यावर वेळ घालवू नये. त्याऐवजी आपल्याला हवा असलेला सर्वांत अवघड फोटो कोणता, हे ठरवावे. सहलीचे, वाढदिवसाचे, घरातले फोटो मोबाइल उत्तम काढतो आणि त्यासाठी कॅमेऱ्यावर एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. आपल्या यादीत अवघड फोटो दोन आहेत. अंधाऱ्या प्रेक्षागृहातून मंचावर वेगाने हलणारी नर्तकी हा एक आणि भर उन्हात दूरवर बसलेला लहानसा पक्षी हा दुसरा. पहिल्यात प्रकाश कमी पडतो, दुसऱ्यात अंतर जास्त पडते. या दोन अडचणींची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि आपल्या बजेटमध्ये दोन्ही पूर्णपणे सुटत नाहीत, हे आधीच स्पष्टपणे सांगितलेले बरे.

नृत्यापासून सुरुवात करू. अडवू (भरतनाट्यममधल्या मूळ हालचाली) करताना हात-पाय ज्या वेगाने फिरतात, तो गोठवायला शटर निदान १/२५० सेकंद, म्हणजे तेवढाच वेळ उघडे राहणारे, हवे. स्थिर मुद्रा असेल तर १/१२५ वरही भागते. आता समजा, मंचावरचा प्रकाश असा आहे की एफ २.८ या ॲपर्चरला (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) १/२५० सेकंदासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० ठेवावा लागतो. संचासोबत येणारी १८-५५ लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही, म्हणजे ती चारपट कमी प्रकाश आत घेते आणि तोच फोटो काढायला आयएसओ १२,८०० वर न्यावा लागतो. तिथे चेहऱ्यावरचे बारकावे, काजळाची रेघ, दागिन्यांची कलाकुसर हे सगळे दाणेदारपणात हरवते. याउलट एफ १.८ ची लेन्स असेल तर तेच काम आयएसओ १३०० च्या आसपास होते. बॉडी तीच आहे आणि छायाचित्रकारही तोच आहे, तरी हा फरक पडतो. दुप्पट किमतीची बॉडी घेऊन आयएसओमध्ये जो फायदा होईल, त्याहून हा फायदा मोठा असतो, म्हणून पैसा लेन्सवर लावा असे मी आग्रहाने सांगतो. लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, असेही आपल्याला सांगितले जाईल. ते उपयोगाचे आहेच, पण ते आपल्या हाताची थरथर थांबवते, नर्तकीची हालचाल थांबवत नाही.

मग किती मिलिमीटरची लेन्स? याचे उत्तर आपण कुठे बसता यावर अवलंबून आहे. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा भाग आणि एपीएस-सी हा त्याचा एक आकार; आपल्या बजेटमधले जवळजवळ सगळे कॅमेरे याच सेन्सरचे असतात) कॅमेरा उभा धरला तर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ६ मीटर अंतरावरची सुमारे पावणेतीन मीटर उंचीची चौकट मावते. म्हणजे हात वर उचललेली नर्तकी पायांतल्या घुंगरांसह नीट बसते आणि थोडी मोकळी जागाही राहते. तेवढीच चौकट ८५ मिलिमीटरची लेन्स १० मीटरवरून देते. पुढच्या दोन-तीन रांगांत जागा मिळत असेल तर ५० एफ १.८ पुरेशी आहे आणि ती कोणत्याही कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. मध्यभागी बसावे लागत असेल तर ८५ एफ १.८ चा विचार करावा. तिची किंमत बरीच जास्त आहे, पण वापरलेली मिळू शकते. अगदी पहिली रांग मात्र मला पसंत नाही. तिथून मंचाची कड पावले कापते आणि भरतनाट्यमच्या फोटोत पावले कापली गेली तर फार काही उरत नाही. डोळ्यांची पातळी मंचाच्या पृष्ठभागापेक्षा थोडी वर येईल अशी, शक्यतो मधल्या वाटेच्या कडेची जागा मागून घ्यावी. संस्थेच्या गुरूंना आधी विचारले तर वेशभूषेसह होणाऱ्या रंगीत तालमीला अनेकदा परवानगी मिळते आणि चांगले फोटो बहुधा तिथेच मिळतात. फ्लॅश अर्थातच वापरायचा नाही. त्याने नर्तकीचा तोल आणि लय दोन्ही बिघडू शकतात.

येथे मिररलेस (आत आरसा नसलेला) की डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा जुन्या पद्धतीचा) कॅमेरा हा प्रश्न येतो. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. पुढचे सगळे संशोधन मिररलेसमध्ये चालले आहे आणि भरपूर बजेट असते तर मीही आपल्याला मिररलेसच सुचवला असता. कॅनन आर५०, आर१० किंवा निकॉन झेड५० ची २०२४ ची दुसरी आवृत्ती यांसारखे कॅमेरे माणसाचा डोळा आणि पक्षीसुद्धा आपण होऊन ओळखतात आणि त्यावर फोकस धरून ठेवतात. नृत्यासाठी ही मोठी सोय आहे. अडचण एवढीच की ७०,००० च्या मर्यादेत नवा मिररलेस घेतला तर बॉडी आणि लहान ॲपर्चरची किट लेन्स यांतच बहुतेक रक्कम संपते आणि अंधाऱ्या प्रेक्षागृहातली मूळ अडचण तशीच राहते. मिररलेसमधल्या मूक शटरविषयीही एक सावधगिरी सांगतो. आवाज होत नाही म्हणून प्रेक्षागृहात ते वापरण्याचा मोह होतो, परंतु सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० सेकंदाला हे पट्टे टळतात, पण जलद अडवूंसाठी तो वेग अपुरा आहे. अशा ठिकाणी यांत्रिक शटरच वापरावे.

म्हणून माझी निवड अशी आहे: वापरलेला कॅनन २००डी, त्यातही २०१९ साली आलेली दुसरी आवृत्ती. २४ मेगापिक्सेलचा हा डीएसएलआर बॅटरीसह अर्धा किलोहूनही हलका आहे आणि मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढताना डोळ्यावर फोकस धरतो. पडद्याची प्रखरता मात्र कमी करून ठेवावी, नाहीतर मागच्या रांगेतील लोकांना त्रास होतो, आणि तो त्यांचाही कार्यक्रम असतो. त्यासोबत ५० एफ १.८ एसटीएम (एसटीएम हा फोकस मोटरचा प्रकार) ही लेन्स नवी आणि ५५-२५० एसटीएम वापरलेली घ्यावी. किमती सतत बदलतात, म्हणून प्रमाण सांगतो: बॉडीवर निम्म्याहून अधिक रक्कम जाऊ देऊ नये. या निवडीमागे पुढचा विचारही आहे. उद्या आपण कॅननचा मिररलेस घेतलात तर या ईएफ पद्धतीच्या (कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या) लेन्स कंपनीच्याच अडॅप्टरवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात, त्यामुळे आज लेन्सवर घातलेले पैसे वाया जात नाहीत. निकॉन डी५६०० हाही तितकाच चांगला पर्याय आहे, फक्त त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वस्त मिळणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हाताने फोकस कराव्या लागतात, हे खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे.

आता पक्षी. खाडीवरचा खंड्या साधारण १६ सेंटिमीटरचा असतो. तो १५ मीटरवर बसला असेल आणि आपल्याकडे २५० मिलिमीटरची लेन्स असेल तर चौकटीची रुंदी सुमारे १.३ मीटर येते, म्हणजे ६००० पिक्सेलच्या रुंदीत पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ७०० पिक्सेल येतात. ओळख पटवायला आणि मोबाइलवर पाहायला तेवढे पुरेसे आहे, भिंतीवर लावायला नाही. त्याच अंतरावर दोन फुटी लहान बगळा मात्र चौकटीची दोन-तृतीयांश उंची व्यापतो आणि त्याचा फोटो सुरेख येतो. घारी, समुद्र गरुड, हिवाळ्यात येणारे कुरवांचे थवे यांसाठीही २५० मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. खंड्या, शिंजीर, वटवटे यांच्यासाठी ५००-६०० मिलिमीटर लागतात आणि त्या लेन्स एकट्याच आपले सगळे बजेट ओलांडू शकतात.

पक्षी हीच आपली पहिली गरज असती तर माझे उत्तर पूर्ण बदलले असते. मग मी निकॉन पी९५० सारखा न बदलणाऱ्या लेन्सचा सुपरझूम सुचवला असता. त्याची पोच २००० मिलिमीटरच्या तोडीची आहे आणि आधीच्या पी९०० मध्ये नसलेली रॉ स्वरूपाची (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो साठवण्याची) सोयही त्यात आहे. सकाळच्या स्वच्छ उन्हात तो थक्क करणारे फोटो देतो. पण त्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे एक-बारांश आहे, त्यामुळे प्रेक्षागृहात त्याचा काहीही उपयोग होणार नाही. पक्षी पुढच्या वर्षीही खाडीवर येतील, मुलीचे या वयातले नृत्य पुन्हा टिपता येणार नाही. म्हणून मी पारडे नृत्याकडे झुकवले आहे. आपले मत वेगळे असेल तर निर्णयही वेगळा घ्यावा.

वापरलेली वस्तू घेताना घाई करू नये. मूळ बिल मागावे आणि त्यावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. शटर किती वेळा पडले आहे ते विचारावे. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच मिळतो. डी५६०० चे शटर १,००,००० वेळांसाठी तपासलेले असते, त्यामुळे वीस-पंचवीस हजार वेळा शटर पडलेली बॉडी निर्धास्तपणे घ्यावी. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढला तर सेन्सरवरची धूळ दिसते; ती साफ होते, ओरखडे जात नाहीत. लेन्सच्या एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या टोकाकडून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. शक्य असेल तर खरेदीपूर्वी पुण्या-मुंबईतून ८५ एफ १.८ एका कार्यक्रमापुरती भाड्याने आणून वापरून पाहावी. ५० घ्यावी की ८५, याचा निकाल त्या एका संध्याकाळीच लागेल.

शेवटचा मुद्दा रत्नागिरीच्या हवेचा, आणि तो बजेटमध्येच धरावा. पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता कित्येक दिवस सलग ८० टक्क्यांच्या वर राहते आणि लेन्सच्या आत बुरशी धरायला ती पुरेशी असते. कॅमेरा त्याच्या पिशवीत, चामड्याच्या आवरणात किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरते. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कढईत गरम करून पुन्हा वापरावे. वातानुकूलित प्रेक्षागृहातून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर निदान अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढू नये, कारण थंड काचेवर लगेच बाष्प धरते. खरेदी जूनच्या तोंडावर होणार असेल तर हा डबा कॅमेऱ्याच्या आधी घरी आणावा.