अभिसरणावर संशोधन करायचंय, पण कोणत्या दारातून आत जाऊ?

प्रश्न : मॅडम, मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र दोन्ही आवडतात. शरीरातलं रक्त, समुद्रातले प्रवाह, पंप बंद पडला तरी अणुभट्टी थंड ठेवणारं फिरतं पाणी, या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसते : अभिसरण. मला त्यावरच संशोधन करायचं आहे. पण असा विभाग कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत सापडत नाही. बाबा म्हणतात, आधी एक काहीतरी निवड. मी काय निवडू? आणि यात पोट भरतं का?

उत्तर : तुला जे दिसलं ते विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यालाही दिसलं होतं. रक्त शरीरात गोल फिरतं, असं त्याने 1628 साली छापलं, तेव्हा दाखला दिला तो पावसाचा. जमीन तापते, वाफ वर जाते, थंड होऊन पुन्हा खाली येते, तसंच हे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तुझं कुतूहल चांगल्या घराण्यातलं आहे. पण हार्वेचं नाव राहिलं ते या दाखल्यामुळे नव्हे, हिशोबामुळे. हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं याचा त्याने अंदाज बांधला, अगदी हात आखडून, आणि त्याला ठोक्यांनी गुणलं. अर्ध्या तासातच आकडा शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा मोठा झाला. रक्त अन्नापासून सतत नवं तयार होतं आणि शरीरात संपून जातं, ही तेव्हाची समजूत त्या गुणाकारापुढे टिकली नाही. रोहिणीतलं रक्त नीलेत कसं जातं हे मात्र त्याला दिसलं नाही. मार्चेल्लो माल्पिगीने 1661 साली बेडकाच्या फुप्फुसात या दोन्हींना जोडणाऱ्या अतिबारीक केशवाहिन्या पाहिल्या, तोवर हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

हे लांबण लावण्याचं कारण आहे. ‘सगळीकडे अभिसरणच’ असं म्हणणारी मुलं मला बरीच भेटतात. त्यांना मी एकच विचारते : बरं, फिरवतं कोण? बहुतेक जण इथेच अडतात. तूही उत्तर लिहून बघ. शरीरात स्नायूंचा पंप आहे. झाडात पंप नाही. पानांतून पाणी उडून जातं आणि त्या ओढीने मुळांपासूनचा पाण्याचा सलग धागा वर खेचला जातो. शिवाय त्यातलं बहुतेक पाणी परतही येत नाही, मग त्याला अभिसरण म्हणावं का, हाही प्रश्नच. अणुभट्टीतल्या त्या व्यवस्थेत पाणी खाली तापतं, हलकं होऊन वर चढतं, वर निवतं आणि जड होऊन उतरतं.

आणि समुद्र? पटकन वाटतं की तोही त्या अणुभट्टीसारखाच, उष्णतेवर फिरणारा. पण समुद्र तापतो वरून आणि निवतोही वरूनच. उष्णता देण्याची जागा थंड करण्याच्या जागेपेक्षा खाली नसेल, तर नुसत्या उष्णतेवर जोरदार अभिसरण चालू राहणं अवघड, असा युक्तिवाद सँडस्ट्रोम या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाने 1908 साली मांडला होता. मग खोल समुद्र फिरता कसा राहतो? वारा आणि भरती-ओहोटी पाणी ढवळतात, त्यांचा हात किती आणि घनतेतल्या फरकाचा किती, यावर संशोधकांची हयात जाते. तुला जिथे सारखेपणा दिसला, तिथे त्यांना फरक दिसला, आणि त्यांचं काम त्या फरकापासून सुरू झालं.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. मोठ्या वाहिनीला फाटे फुटतात तेव्हा फाट्यांची जाडी किती असावी? वाहिनी अरुंद ठेवली तर रक्त ढकलायला जोर लागतो. रुंद ठेवली तर जास्तीचं रक्त पोसावं लागतं. हा तोल साधला तर मूळ वाहिनीच्या त्रिज्येचा घन आणि फाट्यांच्या त्रिज्यांच्या घनांची बेरीज सारखी येते, असं मरे नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1926 साली दाखवलं. 2003 साली हाच नियम वनस्पतींत तपासला गेला. जिथे पाणी वाहणाऱ्या नळ्यांवर खोडाचा भार नाही, तिथे तो बराच जुळला. सूचिपर्णी झाडांत मात्र त्याच पेशी पाणीही वाहतात आणि झाडही तोलून धरतात. तिथे तो बिघडला. तो का बिघडला यात झाडाबद्दल जे कळतं, ते नियम जुळण्यात कळलं नसतं.

आता विभागाचं. अभिसरण नावाचा विभाग मिळणार नाही, आणि नाही तेच बरं. तुझ्या प्रश्नाला लागणारी हत्यारं जिथे नीट शिकवली जातात तिथे पदवी घे : द्रवगतिकी, अवकल समीकरणं, उष्मागतिकी, संगणकावर गणित सोडवणं, आणि मोजमापाची शिस्त. यांत्रिकी किंवा रासायनिक अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, उपयोजित गणित, यांपैकी कुठलंही चालेल. जीवशास्त्र नंतर वाचून बरंच भरून काढता येतं. समीकरणं पंचविशीनंतर पहिल्यांदा शिकणारे मी फार थोडे पाहिले आहेत. हे माझं मत आहे, आणि जीवशास्त्राचे शिक्षक त्यावर माझ्याशी भांडतात. एक अपवाद : तुला रुग्णाजवळ उभं राहायचं असेल तर वैद्यकच घे. प्वाझय हा मूळचा डॉक्टर. बारीक नळ्यांतून द्रव किती वाहतो हे त्याने 1840 च्या सुमारास इतक्या काटेकोरपणे मोजलं की त्याचा नियम आज अभियंते पाठ करतात. बाकी सगळं तेच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो.

त्यानंतर, म्हणजे पदव्युत्तर टप्प्यावर, एकच व्यवस्था धर आणि तिची खोड ओळख. खोड म्हणजे काय ते सांगते. निकामी होत चाललेल्या हृदयाला जोड देणारे फिरत्या चकतीचे पंप असतात. असा पंप बसवलेल्या काही रुग्णांची नाडी हाताला लागतच नाही, कारण प्रवाह अखंड असतो. पाण्यासाठी असा पंप करणं जुनी गोष्ट. पण रक्तात पेशी असतात. चकतीजवळच्या घर्षणात त्या फुटतात, आणि रक्त गोठायला मदत करणारं एक मोठं प्रथिनही तुटतं, मग रुग्णाला रक्तस्राव होऊ लागतो. ‘रक्त म्हणजे थोडं दाट पाणी’ असं धरून चालणाऱ्याला इथे ठेच लागते. ही ठेच एकाच विषयात खोल गेल्याशिवाय लागत नाही.

पोटापाण्याचं थोडक्यात, बाबांसाठी. पीएचडीला वर्षं जातात आणि ती करणारे सगळे प्राध्यापक होत नाहीत. पण प्रवाहाचं गणित येणाऱ्या माणसाला हवामानाचे अंदाज, वैद्यकीय उपकरणं, वीजनिर्मिती, शीतकरण इथे काम असतं. ‘मी आंतरविद्याशाखीय आहे’ एवढ्यावर मात्र कुणी नोकरी देत नाही. मुलाखतीत विचारतात, काय मोजता येतं?

म्हणून निवड करण्याआधी एक काम कर. पारदर्शक नळीचं एक मोठं वेटोळं करून उभं टांग. पाणी भर, रंगाचा थेंब सोड. खालच्या बाजूला, मध्यापासून जरा एका अंगाला, कोमट पाण्याची पिशवी लाव. वर थंड पाण्याचं फडकं. रंगाला एक फेरी घालायला किती वेळ लागतो, दोन्हीकडची तापमानं किती, हे लिही. मग पिशवी वर आणि फडकं खाली कर. काय होतं ते बघ, आणि सँडस्ट्रोम आठव. तीस-चाळीस वेळा तीच मोजणी करताना कंटाळा आला की आकडे का हलतात याची चुटपुट लागली, ते मला कळव. शाखेचं आपण त्यानंतर बोलू.

वेटोळं भरताना हवा राहू देऊ नकोस. वरच्या वळणावर एक बुडबुडा अडकला तरी पाणी मंदावतं, कधी थांबतंही. झाडाच्या वाहिनीत हवा शिरली की पाण्याचा धागा असाच तुटतो, आणि हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्यांनाही नळीतल्या बुडबुड्याचीच धास्ती असते. तुझ्या नळीत तो अडकलाच, तर टिचकी मारून घालवण्याआधी कुठे अडकला आणि फेरी किती मंदावली, तेवढं वहीत टिपून ठेव.